कादंबरीचा शेवट

सोलापूर शहराच्या कोणत्याहि पेठेंत घटकाभर उभें राहिलें, तर मराठी, कानडी आणि तेलुगू अशा तीन भाषा कानांवर पडतात, आणि त्यांच्या मागोमाग उर्दूहि येते. बाराव्या शतकांत ज्यांच्यामुळें या गांवाला क्षेत्राची प्रतिष्ठा आली, त्या सिद्धरामांचीं वचनें कानडींत आहेत. मागाच्या धंद्यानिमित्त येऊन स्थायिक झालेल्या विणकरांच्या घरांत तेलुगू बोलली जाते. शाळा, कचेरी आणि वर्तमानपत्र यांचा व्यवहार मुख्यतः मराठींत चालतो. अशा या गांवांत भर रस्त्यावर उभें राहून एखाद्यानें विचारलें, 'गद्यांत लिहिलेल्या लांबलचक कल्पित कथेला तुम्ही काय म्हणतां?' तर मराठी माणूस 'कादंबरी' म्हणेल आणि कानडी माणूसहि 'कादंबरी'च म्हणेल. तेलुगू माणूस मात्र 'नवल' म्हणेल आणि उर्दू बोलणारा 'नाविल' म्हणेल. शेवटले दोन्ही शब्द इंग्रजींतून आलेले आहेत हें उघड आहे. आपल्याकडेहि आरंभीं तोच पाहुणा घरांत शिरला होता. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनीं १८७२ सालीं या विषयावर जो निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या नांवांत 'नावल' हाच शब्द आहे. पुढें तो मागें पडला, आणि मूळ पुरुषाचें नांव पुढील पिढ्यांचें आडनांव व्हावें, त्याप्रमाणें बाणभट्टाच्या एका ग्रंथाचें विशेषनाम साऱ्या वाङ्मयप्रकाराचें सामान्यनाम होऊन बसलें. बंगाल्यांनीं आणि हिंदी लेखकांनीं 'उपन्यास' म्हटलें, गुजरात्यांनीं 'नवलकथा' म्हटलें. मराठी आणि कानडी या दोन शेजारणींनीं मात्र बाणाच्या नायिकेचें नांव घेतलें.

परंतु ज्या ग्रंथाचें नांव आपण रोज घेतों, तो शेवटपर्यंत वाचलेला माणूस दहा कादंबरीप्रेमी घरांत एखादा तरी मिळेल कीं नाहीं याची शंकाच आहे. शाळा-कॉलेजांत संस्कृत घेतलेल्यांना शुकनासानें चंद्रापीडास केलेला उपदेश आठवतो. कांहींना महाश्वेतेचा वृत्तांत आठवतो. त्यापुढें मात्र बहुतेकांचा प्रवास होत नाहीं. वेबर या जर्मन पंडितानें बाणाच्या गद्याला हिंदुस्थानांतील अरण्याची उपमा दिली होती. त्या अरण्यांत वाट काढावयाची तर हातांत कुऱ्हाड हवी. आमच्या चार मित्रांनीं गेल्या उन्हाळ्यांत ही कुऱ्हाड उचलली. पुढील विवेचन हें त्या उद्योगाचें फळ आहे.

आमच्या मंडळाला नांव नाहीं, घटना नाहीं आणि वर्गणीहि नाहीं. एक निवृत्त संस्कृत शिक्षक, एक वकील, एक डॉक्टर, एक बँकेंतील गृहस्थ आणि प्रस्तुत लेखक अशीं पांच माणसें आठवड्यांतून एकदां आमच्या गच्चीवर जमतात. सोलापूरच्या वैशाखांत सूर्य मावळल्याखेरीज वाङ्मयाचें नांव काढणें शक्य नसतें. दिवे लागले, गच्ची पाणी शिंपडून निवली, कडक भाकरी आणि शेंगांची चटणी मध्यें आली, म्हणजे मास्तर काळे यांची सटीप आवृत्ति उघडीत, मूळ वाक्य वाचीत आणि मराठींत अर्थ सांगत. एखादें वाक्य दोन दोन पानें चाले. आमच्या मातोश्री, ज्यांना सारें मित्रमंडळ 'काकू' म्हणतें, जिन्याजवळच्या खुर्चीवर बसून ऐकत. त्यांनीं संस्कृत शिकलेलें नाहीं. परंतु गोष्ट ऐकण्याची त्यांची संवय आमच्या सर्वांच्या वाचनाहून जुनी आहे.

वाचकांच्या सोयीसाठीं कथानक थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. विदिशेच्या शूद्रक राजाच्या दरबारांत एक चांडालकन्या एक पोपट आणते. पोपट बोलूं लागतो आणि जाबालि ऋषींच्या तोंडून ऐकलेली कथा राजाला सांगतो. त्या कथेंत उज्जयिनीचा राजपुत्र चंद्रापीड मृगयेच्या नादांत अच्छोद सरोवराच्या तीरीं येऊन पोंचतो. तेथें त्याला महाश्वेता नांवाची तपस्विनी भेटते. तिचा प्रियकर पुंडरीक तिच्या विरहानें गतप्राण झालेला असतो. ती त्याच्यामागें मरावयास निघते, तोंच चंद्रबिंबांतून एक दिव्य पुरुष उतरतो, पुंडरीकाचा देह उचलून नेतो, आणि 'प्राण देऊं नकोस, पुन्हां भेट होईल' असें आश्वासन देतो. महाश्वेतेची मैत्रीण ती गंधर्वकन्या कादंबरी. मैत्रीण दुःखांत आहे तोंवर आपण विवाह करणार नाहीं, असा तिचा निश्चय असतो. चंद्रापीडाला पाहिल्यावर तो डळमळतो. इतक्यांत वडिलांच्या आज्ञेनें चंद्रापीडाला उज्जयिनीस परतावें लागतें. मागें राहिलेली पत्रलेखा परत येऊन कादंबरीच्या मनाची अवस्था त्याला सांगूं लागते, आणि तें सांगणें चालू असतांनाच ग्रंथ थांबतो.

तो थांबतो याचें कारण बाणाचा हात तेथें थांबला. हर्ष राजाच्या आश्रयास असलेल्या या कवीचा काळ इ. स.च्या सातव्या शतकाचा पूर्वार्ध. हर्षाची कारकीर्द ६०६ ते ६४७ अशी धरतात. उरलेला भाग बाणाच्या मुलानें पुरा केला. त्याला कोणी भूषणभट्ट म्हणतात, कोणी पुलिंद म्हणतात. काव्य अपुरें राहिल्यानें सज्जनांना वाटणारें दुःख पाहून आपण हें काम हातीं घेतलें, कवित्वाच्या अभिमानानें नव्हे, असें त्यानें आरंभींच नम्रपणें सांगितलें आहे. म्हणजे ज्या ग्रंथावरून आपण 'कादंबरी' हा शब्द घेतला, त्याचा शेवट मूळ लेखकानें लिहिलेलाच नाहीं. त्या शेवटासंबंधींच आमच्या गच्चीवर वाद झाला.

हा शेवट असा. चंद्रापीडाचा मित्र वैशंपायन अच्छोदाच्या तीरीं मागें राहतो आणि महाश्वेतेवर वेडा होऊन तिच्यामागें लागतो. ती रागानें त्याला 'पोपट हो' असा शाप देते, आणि तो मरून पडतो. ही वार्ता ऐकतांच चंद्रापीडाचें हृदय फुटतें. कादंबरी येऊन पाहते तों प्रियकराचें शव. ती मरावयास सिद्ध होते, परंतु आकाशवाणी होते कीं, हा देह जतन कर. त्या धांदलींत पत्रलेखा चंद्रापीडाच्या इंद्रायुध घोड्यासह सरोवरांत उडी घेते, आणि पाण्यांतून घोड्याच्या ऐवजीं पुंडरीकाचा मित्र कपिंजल बाहेर येतो. मग उलगडा होतो तो असा: वैशंपायन हाच पूर्वजन्मींचा पुंडरीक, चंद्रापीड हा साक्षात् चंद्र, पोपट हा वैशंपायनाचा पुढचा जन्म, शूद्रक हा चंद्रापीडाचा, पत्रलेखा ही रोहिणी, आणि चांडालकन्या म्हणजे पुंडरीकाची माता लक्ष्मी. कथा ऐकून शूद्रकाला आणि पोपटाला पूर्वस्मृति होते आणि दोघेहि प्राण सोडतात. तिकडे वसंत ऋतूंत मदनोत्सवाच्या दिवशीं कादंबरी चंद्रापीडाच्या निश्चेष्ट देहाला मिठी मारते, आणि तो डोळे उघडतो. पुंडरीक आकाशांतून उतरतो. दोन विवाह होतात.

मास्तरांनीं पुस्तक मिटलें. बराच वेळ कोणीच बोललें नाहीं. शेवटीं डॉक्टरांनीं विचारलें, "मास्तर, एकूण मेले किती?"

मास्तरांनीं बोटें मोजलीं. "पुंडरीक एकदां, वैशंपायन होऊन दुसऱ्यांदां, पोपट होऊन तिसऱ्यांदां. चंद्र चंद्रापीड होऊन एकदां, शूद्रक होऊन दुसऱ्यांदां."

"म्हणजे दोन असामींत पांच मृत्यु," डॉक्टर म्हणाले. "आणि कारण पाहावें तर एक शाप सोडल्यास बाकी चारहि वेळां प्रेमानें किंवा शोकानें हृदय फुटलें. माझ्या चाळीस वर्षांच्या व्यवसायांत हृदय बंद पडून आलेले रोगी पुष्कळ पाहिले. पण त्यांचें कारण तंबाखू निघालें, तूप निघालें, विरह कधीं निघाला नाहीं. शिवाय औषध काय, तर मिठी! एवढ्या गुणकारी औषधासाठीं दुसरा जन्म संपेपर्यंत थांबण्याचें कारण काय? पहिल्याच दिवशीं मारली असती तर?"

वकीलसाहेबांची हरकत पुराव्यासंबंधीं होती. "हा सगळा खटला ऐकीव पुराव्यावर उभा आहे. कपिंजलानें महाश्वेतेला सांगितलें, महाश्वेतेनें चंद्रापीडाला सांगितलें, तें जाबालीनें पोपटाला सांगितलें, आणि पोपट कोर्टांत येऊन जबानी देतो! बरें, न्यायाधीश कोण, तर शूद्रक. म्हणजे ज्याचा खटला तोच. आणि वयाचा घोटाळा पाहा. वैशंपायन आधीं मेला, चंद्रापीड मागाहून. असें असतां आधीं मेलेला गृहस्थ अजून नुकता पंख फुटलेला रावा, आणि मागाहून मेलेला भर तारुण्यांत राज्य करतो आहे. जन्मनोंदणीच्या कचेरींत हा दाखला मिळावयाचा नाहीं."

"वयाचें सोडा," बँकेंतील मित्र म्हणाले, "खरा अन्याय झाला तो कपिंजलावर. बिचारा मित्राचा देह कोण नेतो हें पाहावयास आकाशांत धांवला. घाईंत एका विमानचारी देवाला ओलांडून गेला, तर त्यानें शाप दिला कीं घोडा हो. पुढें जन्मभर पाठीवर राजपुत्र! मित्रासाठीं धांवणाऱ्याची ही गत होणार असेल, तर यापुढें कोणी कोणाला जामीन राहणार नाहीं. आणि मग आमच्या बँकेचें कसें व्हावयाचें?"

मास्तर हंसले, पण हार मानणारे नव्हते. त्यांनीं शास्त्र काढलें. नाटकाच्या शेवटच्या भागाला, म्हणजे निर्वहणाला, अद्भुत रस असावा असें भरताच्या नाट्यशास्त्रांतच सांगितलें आहे. तेव्हां आकाशांतून माणसें उतरलीं हा बाणपुत्राचा भोळेपणा नसून तो नियमाला धरून चालला, असें त्यांचें म्हणणें पडलें. शिवाय कथेचा सांगाडा मुळीं बाणाचाहि नव्हे. तो गुणाढ्याच्या 'बृहत्कथें'तून आलेला आहे, आणि परंपरेप्रमाणें गुणाढ्य हा आपल्या प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, सातवाहन राजाच्या पदरचा. तीच कथा नांवें बदलून सोमदेवाच्या 'कथासरित्सागरां'त सांपडते. चंद्रबिंबांतून उतरून पुनर्भेटीचें वचन देणारा पुरुष बापानेंच आपल्या भागांत आणून ठेवला होता. मुलानें तें वचन पुरें केलें एवढेंच.

"म्हणजे वडिलांचें कर्ज मुलानें फेडलें," बँकेंतील मित्र म्हणाले. "हा एक व्यवहार मात्र चोख आहे."

यावर हंशा पिकला असतांना जिन्याजवळून काकूंचा आवाज आला. "मेले किती तें तुम्ही मोजलेंत. मरायच्या थांबल्या किती, तें नाहीं कोणीं मोजलें."

कोणालाच तिचा रोख कळला नाहीं. ती पुढें म्हणाली, "महाश्वेता सरण रचायला निघाली होती, ती थांबली. कादंबरी मरायला निघाली होती, तीहि थांबली. तुम्ही हंसतां तें मेलेला उठला म्हणून. मला आपलें वाटलें, या बायकांना जगवायचें तर दुसरें कारण त्या कवीला कोणीं चालूं दिलें असतें? 'तो परत येणार आहे' असें म्हटल्याशिवाय बाईला मागें राहतां येत नव्हतें. माझ्या लहानपणीं माहेरीं एक आजी होती, आलवणांतली. नवव्या वर्षीं कपाळ पांढरें झालेलें. ती म्हणायची, 'मला कोणी मर म्हणालें नाहीं, पण जग असेंहि कोणी म्हणालें नाहीं.'"

भाकरीचें ताट तसेंच राहिलें. मास्तरांनीं मिटलेलें पुस्तक पुन्हां उघडलें आणि मागचीं पानें चाळून एक उतारा काढला. तो आम्ही महिन्यापूर्वीं वाचला होता, आणि वर्णनाच्या दाटींत त्याच्याकडे आमचें दुर्लक्ष झालें होतें.

तो उतारा बाणाच्या स्वतःच्या भागांतला आहे. आपली कथा सांगून झाल्यावर महाश्वेता रडूं लागते. प्रियकर गेला तरी आपण जिवंत राहिलों याची तिला लाज वाटते. त्यावर चंद्रापीड तिचें सांत्वन करतो. तो तिला 'दैव' म्हणून गप्प बसवीत नाहीं, तर सरळ युक्तिवाद करतो. मेलेल्यामागें मरणें हें सर्वथा निष्फळ आहे, हा अडाण्यांचा मार्ग आहे, असें तो सांगतो. त्यानें मृताचा कांहींच लाभ होत नाहीं; तो जिवंत होत नाहीं, त्याचें पुण्य वाढत नाहीं, त्याची भेटहि होत नाहीं; उलट मरणाऱ्यालाच आत्महत्येचें पाप लागतें. मग तो उदाहरणें देतो: मदन भस्म झाल्यावर रतीनें प्राण दिले नाहींत, पांडूमागें पृथेनें दिले नाहींत, अभिमन्यूमागें उत्तरेनें आणि जयद्रथामागें दुःशलेनें दिले नाहींत. सातव्या शतकांतील एका राजाश्रित कवीनें आपल्या नायकाच्या तोंडीं ही भाषा घातली, हें ध्यानांत धरण्यासारखें आहे. सतीच्या चालीस कायद्यानें बंदी झाली ती बंगाल इलाख्यांत १८२९ सालीं आणि मुंबई इलाख्यांत पुढील वर्षीं, म्हणजे या उताऱ्यानंतर जवळजवळ बारा शतकांनीं.

बाणाला हा विषय केवळ कल्पनेनें सुचला असेल असें दिसत नाहीं. त्याच्या 'हर्षचरितां'त असे दोन प्रसंग आहेत. हर्षाचा पिता प्रभाकरवर्धन मरणोन्मुख असतांना राणी यशोवती, पति जिवंत असतांनाच, अग्निप्रवेश करते. मुलगा विनवतो, पण ती ऐकत नाहीं. पुढें हर्षाची बहीण राज्यश्री विधवा होते, कैदेंतून सुटून विंध्यारण्यांत शिरते आणि चिता पेटवून तींत शिरण्याच्या बेतांत असते. त्याच क्षणीं दिवाकरमित्र या बौद्ध भिक्षूसह हर्ष तेथें पोंचतो आणि तिला मागें ओढतो. आई वांचली नाहीं, बहीण वांचली. ती वांचली याचें कारण कोणी मेलेला परत आला असें नाहीं. जिवंत भाऊ वेळेवर पोंचला हें आहे. हीं दोन चित्रें ज्या लेखणीनें काढलीं, त्याच लेखणीनें अच्छोदाच्या तीरीं चंद्रपुरुष उतरविला. एका ठिकाणीं भाऊ आला, दुसऱ्या ठिकाणीं देव आला. दोन्हीकडे हेतु एकच दिसतो. अद्भुताच्या आश्रयानें कवीला जें करावयाचें होतें तें हें, कीं स्त्रीनें जगावें याला लोकांना पटेल असें कारण मिळावें. तें कारण आज आपल्याला हास्यास्पद वाटतें ही आनंदाची गोष्ट आहे. कारण आतां जगण्यास कारण लागत नाहीं. परंतु तें ज्या काळीं लागत होतें, त्या काळाला हंसतांना जरा जपून हंसावें.

या दृष्टीनें पाहिलें म्हणजे मराठी कादंबरीच्या पहिल्या पन्नास वर्षांचा इतिहासहि निराळा दिसूं लागतो. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ सालीं झाला, आणि त्याच्या पुढच्याच वर्षीं बाबा पदमनजी यांचें 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झालें. त्यांत यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करीत गांवोगांवच्या विधवांचीं दुःखें पाहते, पुढें स्वतःहि विधवा होते, आणि शेवटीं ख्रिस्ती धर्मांत जाऊन पुनर्विवाह करते. त्या शेवटासाठीं लेखकाला तिचा धर्म बदलावा लागला. लेखक स्वतः ख्रिस्ती झालेले असल्यामुळें त्यांच्या दृष्टीनें तो सरळच होता. परंतु बाकीच्या वाचकांसाठीं ती वाट बंद होती.

या वाचकांसाठीं जी कादंबरी लिहिली गेली ती अद्भुतरम्य होती. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ सालीं आणि 'रत्नप्रभा' १८६६ सालीं निघाली; नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ सालीं आली. राजकन्या, राजपुत्र, कपटी प्रधान, अरण्यें, योगायोग आणि शेवटीं सर्वांची भेट असा हा संसार होता. आजच्या वाचकाच्या हातीं यांतील एखादें पुस्तक दिलें तर आमच्या गच्चीवर झाली तशीच चेष्टा होईल. पण रिसबूडांनीं 'मंजुघोषे'च्या प्रस्तावनेंत या प्रकाराचें जें कारण दिलें आहे तें चेष्टेवारी नेण्यासारखें नाहीं. आपल्या लोकांच्या विवाहाच्या रीतीमुळें आणि अशाच इतर कारणांमुळें आपल्या आयुष्यांत मन वेधून घेणारें असें कांहीं घडत नाहीं; रोजच्या अनुभवाचें लिहावें तर तें बेचव होतें; म्हणून मनोरंजक ग्रंथ लिहावयाचा तर अद्भुताकडे वळणें भाग पडतें, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे.

हें वाक्य लिहिणाऱ्या गृहस्थाच्या भोंवतालचा समाज डोळ्यांसमोर आणावा. मुलगी आठ-दहा वर्षांची झाली कीं तिचें लग्न व्हावयाचें. वरहि पुष्कळदां शाळेंतला. एकमेकांस पाहणें, ओढ वाटणें, अडथळा येणें, निश्चय करणें, ज्यांच्यावर प्रेमकथा उभी राहते त्या या पायऱ्या. त्यांतली एकहि त्या घरांत चढतां येत नव्हती. मग नायिकेला राजकन्या केल्यावांचून गत्यंतर काय? राजकन्येला वय असतें, पसंती असते, प्रसंगीं घराबाहेर पडण्याची मुभा असते. पुण्या-मुंबईच्या वाड्यांत जें घडूं शकत नव्हतें, तें घडविण्यासाठीं लेखकानें एक नगरी वसविली. वाचणारेहि तें जाणून होते. म्हणूनच त्या पुस्तकांचे शेवट जितके अशक्य, तितके ते आवडीनें वाचले गेले असले पाहिजेत.

पुढें हंसणारे आले, आणि तेहि हवेच होते. मराठे यांच्या १८७२च्या निबंधांत या कथांतील असंभाव्यतेवर टीका झाली. त्याच सुमारास 'शालापत्रकां'त विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं कालिदास, भवभूति, बाण, सुबंधु आणि दंडी या पांच संस्कृत कवींवर निबंध लिहिले. त्यामुळें इंग्रजी शिकलेल्या मराठी वाचकाला बाणाची ओळख नव्यानें आणि डोळसपणें झाली. एका हातांत बाण आणि दुसऱ्या हातांत इंग्रजी कादंबऱ्या असलेली ही पिढी 'असें कधीं घडतें काय?' असें विचारूं लागली. हा प्रश्न वरवर थट्टेचा आहे, पण त्याच्या पोटांत दुसरा प्रश्न आहे: 'मग घडतें तरी काय?'

त्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर हरिभाऊ आपटे यांनीं दिलें. त्यांनीं १८९० सालीं 'करमणूक' हें साप्ताहिक सुरू केलें. त्याच वर्षापासून १८९३पर्यंत त्यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो?' या कादंबरीचा काळ येतो. तिची नायिका यमू. योगायोग असा कीं, पदमनजींच्या नायिकेचेंच हें नांव. पण हिला ना धर्मांतराची वाट, ना चंद्रलोकाची. सुशिक्षित नवऱ्याबरोबर मुंबईंत तिला थोडे दिवस सुखाचे मिळतात. मग तो वारतो, सासरच्या घरांत तिचें जबरदस्तीनें केशवपन होतें, आणि थोड्याच काळांत ती मरते. आकाशवाणी होत नाहीं. कोणी परत येत नाहीं. सारी कथा तिच्याच तोंडून सांगितलेली असल्यामुळें त्या शेवटावर वाचकाला हंसणें अशक्य होतें. ज्या वर्षीं ही कथा पुरी झाली, त्याच १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांनीं गोदूबाई या विधवेशीं विवाह केला. कादंबरीनें तो घडविला असें म्हणण्याचा आमचा उद्देश नाहीं. त्यामागें कित्येक वर्षांची चळवळ होती. पण अद्भुतानें जी गोष्ट चंद्रावर नेऊन ठेविली होती, ती त्या पिढीनें पुन्हां जमिनीवर आणली, एवढें निश्चित म्हणतां येईल. राज्यश्रीच्या चितेपाशीं पोंचलेल्या भावासारखा आतां कोणीतरी जिवंत माणूस पोंचावा, देवाची वाट पाहूं नये, हें त्या शोकांत शेवटाचें सांगणें होतें.

याचा अर्थ असा नव्हे कीं वास्तव कादंबरी आली आणि अद्भुताचें काम संपलें. आमच्या सोलापुरासच १९४१ सालीं मराठी साहित्यसंमेलन भरलें, त्याचे अध्यक्ष वि. स. खांडेकर होते. कला जीवनासाठीं आहे, असें आग्रहानें सांगणारे ते लेखक. त्याच खांडेकरांनीं १९५९ सालीं 'ययाति' लिहिली. तींत शाप आहे, एका रात्रींत आलेलें वार्धक्य आहे, बापलेकांनीं केलेली वयाची अदलाबदल आहे. आणि १९७४ सालचें ज्ञानपीठ पारितोषिक त्यांना याच कादंबरीमुळें मिळालें. आपल्या वकीलसाहेबांच्या जन्मनोंदणीच्या कचेरींत ययातीचाहि दाखला मिळणार नाहीं. तरी तो वाचतांना आपण वयाचा हिशेब मागत नाहीं, कारण लेखकाला काय म्हणावयाचें आहे तें आपल्याला आधींच उमगतें. बाणाच्या आणि हळबे-रिसबुडांच्या बाबतींत मात्र तें आपण विसरलों आहों. लेखकाचा काळ मागें पडला कीं त्याच्या कथेंतील इच्छा पुसट होते आणि नुसतीं पिसें उरतात; मग आपण तीं पिसें मोजीत बसतों.

अद्भुत शेवटाची चेष्टा करूं नये असें कोणी समजूं नये. डॉक्टरांची मिठीसंबंधींची सूचना मला अजूनहि बिनतोड वाटते, आणि कपिंजलाच्या घोडेपणाची भरपाई बाणपुत्रानें केलेली नाहीं हें खरेंच आहे. चेष्टा ही वाचनाची पहिली पायरी आहे; जो हंसत नाहीं त्यानें बहुधा वाचलेलेंच नसतें. पण हंसून झाल्यावर एक प्रश्न स्वतःला विचारावा: ज्याच्यासाठीं हें अशक्य घडवावें लागलें, तें शक्य असलेलें त्या काळीं कां चाललें नाहीं? हा प्रश्न विचारला म्हणजे अशक्य शेवट हा त्या काळच्या अडचणीचा सर्वांत प्रामाणिक पुरावा ठरतो, आणि वकीलसाहेबांनाहि तो ग्राह्य धरावा लागतो.

त्या रात्रीं निघतांना डॉक्टरांनीं काकूंना विचारलें, "काकू, तुमच्या त्या आजींना ही गोष्ट ठाऊक होती?"

"नसावी," काकू म्हणाल्या. "तिला वाचतां येत नव्हतें. पण ठाऊक असती, तर ती शेवटाला हंसली नसती. तिनें विचारलें असतें, तो परत येईपर्यंत त्या दोघी दिवसभर काय करीत होत्या?"

मास्तर म्हणाले, ग्रंथांत तें आहे. एक तप करीत होती, दुसरी देह जपत होती. काकूंनीं मान हलवली. मग पुढच्या आठवड्यापासून काय वाचावयाचें असें विचारलें, तेव्हां 'पण लक्षांत कोण घेतो?' असें तिनेंच सुचविलें, आणि या वेळीं मोठ्यानें वाचण्याचें काम मास्तरांकडून काढून आपल्याकडे घेतलें.